राज्य बदलले, कर कोणाचा? हैदराबादच्या निमित्ताने एक आढावा

लातूर, नांदेड, सोलापूर किंवा पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न पडतो: कराच्या हिशेबात आता आपण कोणत्या राज्याचे? आधार कार्डावर लातूरचा पत्ता, गाडीवर एमएच २४ ची पाटी, मतदार यादीत नाव गावाकडे. पगार मात्र हायटेक सिटीतल्या कंपनीकडून आणि घरभाडे कोंडापूरला. ऑफिसातले लोक एक सांगतात, गावाकडचे कर सल्लागार दुसरे सांगतात, आणि गाडी अडवणारा हवालदार तिसरेच. यातले बहुतेकजण आपापल्या परीने बरोबर असतात, कारण प्रत्येकजण वेगळ्या कराबद्दल बोलत असतो.

भारतात कराच्या कामासाठी ‘अमुक राज्याचा रहिवासी’ असा एकच शिक्का कोणाच्याही कपाळी नसतो. प्राप्तिकर राज्य विचारतच नाही. व्यवसाय कर विचारतो की काम कुठे करता. वाहन कर विचारतो की गाडी कुठे असते. जीएसटी नोंदीतला पत्ता बघतो, घरपट्टी जमीन बघते. एकाच माणसाबद्दल एकाच दिवशी या सगळ्यांची उत्तरे निरनिराळी येऊ शकतात. ही रचना मुळात शहाणपणाची आहे असे माझे मत आहे. राज्याचा एकच शिक्का आणण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पण या रचनेचा भार जागा बदलणाऱ्या माणसावर पडतो आणि तो हलका करण्याचे काम आपण अर्धवट सोडले आहे. हा आढावा त्यासाठी.

प्राप्तिकर राज्य का विचारत नाही

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत करांची वाटणी आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या सूचीत आहे, नोंद ८२. शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्य सूचीत, नोंद ४६. वाहनांवरचा नोंद ५७. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्यांवरचा नोंद ६०. पगार, व्याज, भाडे, नफा यांवरचा कर केंद्राचा असल्यामुळे पगारदार माणूस पुण्यात राहिला काय आणि हैदराबादेत राहिला काय, टप्पे आणि दर तेच.

प्राप्तिकर कायद्यातही ‘निवासी’ हा शब्द आहे, पण तिथला निवास भारतातला. वर्षात १८२ दिवस भारतात असलात तर निवासी. किंवा त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकासाठी या ६० दिवसांच्या जागी १८२ धरतात. परदेशस्थ भारतीय भेटीला आला आणि त्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असले, तर २०२० पासून ही मर्यादा १२० दिवसांची झाली. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, तरी निवासाची ही चौकट कायम राहिली. दिवस मोजायचे ते पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी. राज्याची सीमा ओलांडताना कोणी शिक्का मारत नाही, म्हणून हैदराबादेत किती दिवस आणि नांदेडात किती, हा हिशेब प्राप्तिकराला लागतच नाही.

पॅन कार्डाच्या नोंदीतला पत्ता बदलला की आपली फाइल कोणत्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत हे बदलते, एवढेच. पत्ता जरूर बदलावा, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर उत्तराची मुदत निघून जाते. कराच्या रकमेत त्याने एका रुपयाचा फरक पडत नाही. घरभाडे भत्त्याच्या सवलतीतही राज्य नव्हते, शहर होते: १९६२ च्या नियमांत मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई या चौघांना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती आणि हैदराबाद पुण्याच्या जोडीने ४० टक्क्यांत बसत होते.

जिथे राज्य तरीही डोकावते

या नियमाला अपवाद आहेत आणि ते मुद्दाम बघण्यासारखे आहेत. सर्वांत जवळचा गोव्याचा. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालू राहिली. त्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. मग घरभाड्याचे किंवा धंद्याचे उत्पन्न कोणाच्या नावावर धरायचे? १९९४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ घातले गेले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू मानले गेले. पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. ज्या घरात एकाचेच उत्पन्न मोठे, तिथे कर बराच उतरतो. ही सवलत गोव्यात भाड्याने फ्लॅट घेऊन मिळत नाही. ती त्या विवाहकायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांची आहे. उलट, अशा माणसाने गोवा सोडला म्हणून तो कायदा लगेच सुटतो असेही नाही. गोव्यात अधिवास असलेल्याच्या गोव्याबाहेरच्या, पण भारतातल्या मालमत्तेलाही वारसाच्या बाबतीत हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

दुसरा अपवाद सिक्कीमचा. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात आले. तिथल्या ‘सिक्कीमी’ व्यक्तीचे सिक्कीममधले उत्पन्न करमुक्त करणारी तरतूद २००८ मध्ये आली. तिच्यातून विलीनीकरणापूर्वी येऊन राहिलेली जुनी भारतीय कुटुंबे वगळली गेली होती, आणि १ एप्रिल २००८ नंतर सिक्कीमबाहेरच्या माणसाशी लग्न केलेली सिक्कीमी स्त्रीसुद्धा. १३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी समानतेच्या विरुद्ध ठरवल्या. तिसरा अपवाद ईशान्येकडच्या काही भागांतल्या आणि लडाखच्या अनुसूचित जमातींचा. तिथेही तीन गोष्टी जुळाव्या लागतात: जमात, त्या भागातला निवास आणि त्या भागातले उत्पन्न. अशी व्यक्ती हैदराबादेत येऊन पगार कमवू लागली की तो पगार करपात्र होतो.

या तिन्ही अपवादांचा उगम इतिहासात आहे. विलीनीकरणाच्या किंवा मुक्तीच्या वेळी दिलेला शब्द आणि जपलेला कायदा करात उतरला. हैदराबादचाही असा एक काळ होता.

हैदराबाद वेगळा मुलूख होता तेव्हा

आज ज्यांचे आजोबा-पणजोबा सुलतान बाजार किंवा काचीगुड्यात स्थिरावले होते, त्यांच्या काळात राज्याचा रहिवास हा कराचा खरोखरच जिवंत प्रश्न होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात, सोलापूर आणि पुणे ब्रिटिश मुलखात. १९२२ चा भारतीय प्राप्तिकर कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. १९३९ मध्ये त्यात निवासाच्या कसोट्या आल्या आणि १८२ दिवसांचा आकडा तेव्हापासून आपल्या कायद्यात नांदतो आहे. त्याच कायद्यात संस्थानांसाठी एक तरतूद होती: संस्थानात झालेले उत्पन्न ब्रिटिश मुलखात आणले नाही, तर त्यावर तिथे कर नाही.

तिचा व्यवहारातला अर्थ असा. मुंबईत राहणाऱ्या व्यापाऱ्याचे हैदराबादेत दुकान असले, तर तिथला नफा निजामाच्या चलनात, हाली सिक्क्यात, तिथेच ठेवला तोवर मुंबईच्या कर अधिकाऱ्याचा हात त्याला लागत नसे. तोच पैसा मुंबईला पाठवला की कर लागे. त्यामुळे माणूस कुठला यापेक्षा पैसा कुठे जन्मला आणि कुठे गेला यावर वाद रंगत. निजामाच्या राज्याने आपला प्राप्तिकर कायदा केला तो अगदी अखेरीस, १३५७ फसलीत, म्हणजे सुमारे १९४७-४८ मध्ये. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १९५० मध्ये हैदराबाद ‘ब’ वर्गाचे, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या गटातले, राज्य झाले आणि १ एप्रिल १९५० पासून केंद्राचा प्राप्तिकर इथेही आला. आधीच्या कमी दरांवरून एकदम झेप नको म्हणून ‘ब’ वर्गाच्या राज्यांसाठी सवलतीचा खास आदेश त्याच वर्षी निघाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. राज्याच्या सीमा हलल्या, पण प्राप्तिकर देताना त्या सीमेची आठवण ठेवण्याचे कारण उरले नव्हते. एकत्र देशाचा हा फायदा आपण इतका गृहीत धरतो की तो मोजतही नाही.

पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

राज्याचा कर पगारदाराला पहिल्यांदा भेटतो तो ‘पीटी’ या दोन अक्षरांत. व्यवसाय कर राज्याचा आहे आणि त्याची कसोटी निवासाची नाही, कामाची आहे. राज्यात नोकरी किंवा व्यवसाय करता म्हणून कर. तेलंगणात महिना १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो नाही, २०,००० पर्यंत १५० रुपये आणि त्यापुढे २०० रुपये. महाराष्ट्रात १०,००० च्या वर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर माफी. लातूरचा मतदार हैदराबादच्या कंपनीत लागला की त्याचा व्यवसाय कर तेलंगणाला जातो. आधार कार्डावर काय लिहिले आहे याला इथे काही महत्त्व नाही.

२,५०० ही मर्यादा घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. मूळ मर्यादा २५० रुपयांची होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट झाली आणि पुढे तशीच राहिली. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेच्या पैशासाठी. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली ती योजना, आणि शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या मजुराच्या हाताला काम. कर कुठे भरला यामागे तो कोणासाठी भरला हा प्रश्न असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. घटनेतली मर्यादा एका राज्यापुरती आहे, एका माणसापुरती नाही. पुण्यात आणि हैदराबादेत दोन्हीकडे व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाला दोन्ही राज्यांचा कर भरावा लागू शकतो. दुसरी अडचण घरून काम करणाऱ्यांची. कंपनीची नोंदणी पुण्याची, कर्मचारी कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेला. तो ज्या कार्यालयाच्या हजेरीपटावर, त्या राज्याचा व्यवसाय कर कापण्याचा प्रघात कंपन्यांत आढळतो. हे कायदे लिहिले गेले तेव्हा काम आणि कार्यालय एकाच जागी असे, आणि त्यांची भाषा अजून तीच आहे.

गाडी कुठे उभी राहते

या सगळ्यात खिशाला खरा चटका बसतो तो गाडीच्या कराचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीची नोंदणी देशभर चालते. पण कलम ४७ म्हणते की एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. मालक लातूरचा का हैदराबादचा हा मुद्दा नाही. गाडी कुठे असते हा आहे. आणि नव्या क्रमांकाबरोबर येतो नव्या राज्याचा आजीवन कर.

क्रम असा असतो. आधी लातूरच्या आरटीओकडून ना हरकत दाखला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती. मग हैदराबादच्या आरटीएकडे गाडी दाखवायची, तिच्या वयाप्रमाणे तेलंगणाचा आजीवन कर भरायचा, टीजी अक्षरांचा नवा क्रमांक घ्यायचा. तेलंगणा वेगळे झाल्यावर २०१४ पासून इथल्या पाट्यांवर टीएस असे. मार्च २०२४ पासून टीजी झाले. त्यानंतर नव्या नोंदणीचे कागद घेऊन लातूरला अर्ज, कारण महाराष्ट्राने पंधरा वर्षांचा म्हणून एकरकमी घेतलेल्या करातला उरलेला भाग परत मागायचा असतो. नव्या राज्यात पैसे आधी भरायचे, जुन्या राज्याकडून मागाहून मिळवायचे. परताव्याचा हक्क आहे, पण तो मागायला त्या गावी हेलपाटे घालावे लागतात, आणि अनेकजण कंटाळून तो सोडून देतात.

राज्यांनी ही मुदत आखडण्याचा प्रयत्नही केला. कर्नाटकाने २०१४ मध्ये परराज्यातली गाडी ३० दिवसांहून अधिक राहिली तर आजीवन कर, अशी तरतूद केली. केंद्राच्या कायद्यात १२ महिने असताना ती टिकणार नाही, असे म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्द केली. उलट्या बाजूची लबाडीही झाली. पुदुच्चेरीत कर कमी म्हणून तिथले खोटे पत्ते दाखवून महागड्या गाड्या नोंदवायच्या आणि केरळात फिरवायच्या, ही प्रकरणे २०१७ मध्ये उघडकीला आली. राज्यांचा संशय अगदीच निराधार नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

यावरचा तोडगा ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झाला आणि १५ सप्टेंबरपासून लागू झाला: बीएच मालिका. केंद्र-राज्य सरकारचे कर्मचारी, संरक्षण दले, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना हा क्रमांक घेता येतो. कर एकदम पंधरा वर्षांचा न घेता दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी. १० लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १२ टक्क्यांचा आधार. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. बदली झाली तरी क्रमांक तोच. कल्पना उत्तम आहे. पण ती मोठ्या कंपनीच्या नोकरदारापुरती आहे. छोट्या कारखान्यातला फोरमन, खासगी दवाखान्यातली परिचारिका, स्वतःचा धंदा करणारा सुतार यांना तिचा लाभ नाही, आणि राज्येही ती आपापल्या वेगाने स्वीकारत आली आहेत, कारण एकरकमी कर हातचा जातो.

नोंदीतला पत्ता आणि जीएसटी

जीएसटी आपण राज्याचा विचार न करता भरतो, पण त्यातला राज्याचा वाटा कोणाला मिळतो हे आपला पत्ता ठरवतो. हा कर माल वापरला जातो त्या राज्याचा. तत्त्व साधे, पण ‘वापरला जातो’ हे ओळखायचे कसे? कायद्याने खुणा ठरवून दिल्या आहेत. ग्राहकाची जीएसटी नोंदणी नसेल तर सेवा पुरवणाऱ्याच्या नोंदीतला त्याचा पत्ता. मालासाठी बिलावरचा पत्ता. १ ऑक्टोबर २०२३ पासून बिलावर ग्राहकाच्या राज्याचे नाव असले तरी पुरते. बिलाचा पत्ता एक आणि माल पोचवायचा पत्ता दुसरा असेल तर पोचवायचा पत्ता धरावा, असे २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. हैदराबादेत बसून आईला लातूरला मिक्सर पाठवला, तर कराचा वाटा महाराष्ट्राचा.

पोस्टपेड मोबाइलचा कर बिलाच्या पत्त्याप्रमाणे जातो, बँकेच्या शुल्काचा बँकेच्या नोंदीप्रमाणे. पाच वर्षे हैदराबादेत राहणाऱ्याने हे पत्ते बदललेच नाहीत, तर त्या सेवांवरचा राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच जात राहतो. ग्राहकाला एक पैसाही जास्त पडत नाही, म्हणून तो लक्ष देत नाही. पण तो ज्या रस्त्यावरून रोज जातो आणि ज्या सरकारी दवाखान्यात मुलाला लस टोचून घेतो, त्या राज्याचा वाटा दुसरीकडे जातो. पत्ता बदलणे हे या अर्थाने नागरिकाचे काम आहे.

व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. जीएसटीत एकाच पॅनवर राज्याराज्याची वेगळी नोंदणी लागते आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६, गोव्याचे ३०. दरवर्षी १ जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर ‘नुमाइश’ हे प्रदर्शन सुरू होते. १९३८ पासूनची ही परंपरा. लातूरहून मसाले-लोणची घेऊन तिथे गाळा मांडणाऱ्या महाराष्ट्राच्या व्यापाऱ्याला २७ आकड्यावर तेलंगणात विक्री करता येत नाही. त्याला इथे ‘प्रासंगिक करदाता’ म्हणून नोंदणी घ्यावी लागते: धंदा सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे कराची रक्कम आगाऊ, आणि मुदत ९० दिवसांची. कायद्याच्या नजरेत तो दीड महिन्यापुरता तेलंगणाचा व्यापारी होतो.

सीमेवरचे घर

घरपट्टीचा नियम सर्वांत सरळ: घर ज्या जमिनीवर, तिथल्या स्थानिक संस्थेची पट्टी. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात हा सरळ नियमही दुभंगतो. मुकदमगुडा, महाराजगुडा, परमडोली अशी तिथली काही गावे महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली म्हणत आले. लोकांजवळ दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे. महाराजगुड्यात एका घराची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये देशभर गाजली. आठ खोल्यांपैकी चार महाराष्ट्रात, चार तेलंगणात; स्वयंपाकघर तेलंगणात. ते कुटुंब दोन्ही ग्रामपंचायतींना कर भरते. त्या घरातल्या माणसांना कोणत्या राज्याचे रहिवासी ठरवणार? घरपट्टीला त्याची गरजच पडली नाही. तिने खोल्या मोजल्या, आणि त्या तेरा-चौदा माणसांना एकच एक राज्य निवडायला लावले नाही.

मुल्की ते ‘स्थानिक’: कराचा संबंध नाही तिथे

हैदराबादेत वर्षानुवर्षे राहणारी मराठी माणसे एका समजात असतात: इथे इतकी वर्षे कर भरला म्हणजे आपण इथले. शिक्षण आणि सरकारी नोकरीच्या बाबतीत हा समज खोटा ठरतो. निजामाने १९१९ मध्ये ‘मुल्की’ नियम, म्हणजे सरकारी नोकरीसाठी स्थानिक कोण हे ठरवणारे नियम, पक्के केले. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे तर पंधरा वर्षांचा कायम निवास, आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र. १९०७ मध्ये हैदराबादेत मराठी मंडळींनी विवेक वर्धिनी शाळा सुरू केली, त्या समाजातले पुष्कळजण या व्याख्येत मुल्कीच होते. हे नियम १९५२ आणि १९६९ च्या आंदोलनांच्या केंद्रस्थानी राहिले. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि त्यातून उसळलेल्या संघर्षानंतर सहा कलमी सूत्र आणि स्थानिकांना शिक्षण-नोकरीत संधी देणारा घटनेचा अनुच्छेद ३७१ड आले.

आजचा ‘स्थानिक उमेदवार’ ठरतो तो मुख्यतः शाळेच्या वर्षांवरून. वैद्यकीय प्रवेशासाठी तेलंगणाने नववी ते बारावीची सलग चार वर्षे राज्यातच शिकण्याची अट घातली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे अकरावी-बारावी लातूरला पाठवलेल्या मुलाचे वडील वीस वर्षे तेलंगणाला व्यवसाय कर भरत असले तरी उपयोग नाही. पालकांनी हा फरक वेळीच ओळखला पाहिजे.

न्यायालयांनी तत्त्वही सांगून ठेवले आहे. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी म्हटले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. राज्ये ज्याला ‘डोमिसाइल’ म्हणतात तो बहुधा विशिष्ट कामापुरता ठरवलेला निवास असतो. कामापुरता म्हणजे कामापुरताच. एका कामाचा दाखला दुसऱ्या कामाला लागू पडत नाही.

आपला कर, कोणाच्या पदरात?

मग हैदराबादेत कापला गेलेला प्राप्तिकर तेलंगणाला मिळतो का? थेट नाही. केंद्राच्या करांतला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने जातो. १९५२ च्या पहिल्या आयोगाने प्राप्तिकराच्या वाटपात लोकसंख्येला ८० टक्के आणि वसुलीला २० टक्के वजन दिले होते. मुंबई राज्याला वसुलीचे वजन जास्त हवे होते. पण वसुली म्हणजे निवास नव्हे: मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी नांदेडच्या शाखेतल्या कारकुनाचाही कर मुंबईतून भरते. पंधराव्या आयोगापर्यंत येता वसुली सूत्रातून गेली आणि लोकसंख्या, क्षेत्रफळ, जंगल, दरडोई उत्पन्नातले अंतर या गोष्टी आल्या. त्या सूत्रात राज्यांच्या एकूण ४१ टक्के वाट्यातून महाराष्ट्राला ६.३१७ टक्के आणि तेलंगणाला २.१०२ टक्के होते. श्रीमंत राज्यांना ते कमी वाटते, आणि ती तक्रार राजकारणात मांडायला जागा आहे. करदात्याचे राज्य शोधून ती सुटणार नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात

राज्यांना प्राप्तिकर दिला तर काय होते हे अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना विचारावे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात तो चांगलाच आहे. न्यूयॉर्कमध्ये अधिवास नसला तरी कायमचे राहते घर ठेवले आणि १८३ दिवसांपेक्षा जास्त तिथे घालवले, तर माणूस निवासी ठरतो. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनला नोकरी करणारा आधी न्यूयॉर्कला कर देतो आणि न्यू जर्सीत त्याची वजावट मागतो. वाद झाला तर वाहन परवाना, मतदार नोंदणी, मुलांची शाळा असे सगळे आयुष्य पुराव्यात मांडावे लागते. कॅनडाने गोष्ट सोपी ठेवली: ३१ डिसेंबरला ज्या प्रांतात तुम्ही राहता, त्या प्रांताचा त्या वर्षाचा कर. बाकी दिवस मोजायचेच नाहीत. तिथेही प्रांताप्रांताचे दर वेगळे आहेतच. पण प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मिळते.

आता काय हवे

या सगळ्यावरून एक तत्त्व निघते. ज्या सुविधेसाठी कर, त्या सुविधेशी जुळणारी कसोटी. रस्ता वापरणारी गाडी जिथे, तिथे वाहन कर. काम जिथे, तिथे व्यवसाय कर. वापर जिथे, तिथे जीएसटी. यात माणसाला आपण ‘इथले का तिथले’ हे सिद्ध करावे लागत नाही. भाषावार राज्यांच्या देशात, जिथे बाहेरच्यांविरुद्ध आवाज अधूनमधून उठतच असतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! करासाठी राज्याचा एकच रहिवासी दाखला काढावा अशी सूचना कोणी सोय म्हणून केली, तरी ती नाकारली पाहिजे, कारण तोच दाखला पुढे नोकरीच्या आणि घराच्या दारात मागितला जाईल.

पण तत्त्व बरोबर असले म्हणून व्यवहार सुटत नाही. तीन दुरुस्त्या तातडीच्या आहेत. वाहन कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरण्याची मुभा प्रत्येक मालकाला मिळावी, आणि ज्यांनी एकरकमी भरला आहे त्यांचा उरलेला भाग जुन्या राज्याने नव्या राज्याला परस्पर द्यावा. नागरिकाला मध्ये हेलपाटे घालायला लावू नये. व्यवसाय कराची मर्यादा राज्याऐवजी माणसाला लागू व्हावी, आणि घरून काम करणाऱ्याचे राज्य कोणते हे कायद्यात स्पष्ट लिहावे. आणि पत्ता एकदा बदलला की बँक, मोबाइल कंपनी आणि कर खाते यांच्याकडे, माणसाच्या संमतीने, एकाच अर्जात तो बदलला जावा.

तोवर हैदराबादला आलेल्याने काही कागद जपावेत: भाडेकरार, कंपनीचे रुजू होण्याचे पत्र, गाडी इथे आणल्याच्या तारखेचा टोल किंवा फास्टॅगचा पुरावा, लातूरच्या एकरकमी वाहन कराची पावती. बारा महिन्यांचा हिशेब याच कागदांवर ठरतो आणि परतावाही याच कागदांवर मिळतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांचे परिवहन विभाग एकमेकांशी हिशेब करू लागले, तर हे कागद जपण्याचे ओझे माणसावरून उतरेल. ते काम दोन राज्यांच्या संमतीने होण्यासारखे आहे आणि त्यासाठी घटना बदलावी लागत नाही.